बिडाच्या टबातला पाट

सहदेव मिस्त्री कामात विसरला आणि त्याच्या विसरण्यानं भगवंतरावांची आई भाजून मेली, असं आमच्या गावात अजून सांगतात. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी सहदेवला पाहिलेलंही नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो विसरला नव्हता हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं तीन होती. त्यांतली दोन गेली, तिसरा मी. म्हणून हे लिहितो आहे, आणि फार उशिरा लिहितो आहे हेही आधीच सांगून टाकतो.

गाव धाडपासून दोन कोसांवर. महाराष्ट्र झाला त्याच साली मी तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेलो. डॉक्टर बुलढाण्याहून बुधवारी आणि शनिवारी यायचे, तेही एसटी मिळाली तर. उरलेले पाच दिवस दवाखाना म्हणजे मीच. लोक मला डाक्टर म्हणायचे आणि मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. राहायला भगवंतरावांच्या घराच्या बाहेरच्या दोन खोल्या होत्या. भगवंतराव म्हणजे गावातलं जमिनीचं सगळ्यात मोठं खातं. त्यांनी शब्द टाकला की माझ्यासारख्याची बदली थांबायची, आणि त्यांनी शब्द टाकला की व्हायचीसुद्धा.

सहदेव बौद्धवाड्यात राहायचा. तरुणपणी खामगावला एका जिनिंगमध्ये तेलपाण्याला लागला होता, तिथून बॉयलर आणि पाइप शिकला. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्यानंतर गावची जुनी कामं त्यानं हातात धरली नाहीत. आसपासच्या दहा गावांत विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की लोक त्याला सायकलवर घालून न्यायचे. इंजिनाला त्याचा हात चालायचा. प्यायला पाणी मागितलं की मात्र वरून ओंजळीत.

त्याची एक खोड होती. काम झालं की तो मालकाला समोर उभा करायचा आणि बोटं दुमडत एकेक गोष्ट मोठ्यानं म्हणायचा. वाशर झालं, बोल्ट झाले, ऑईल झालं. मालकानं प्रत्येकाला हो म्हटल्याशिवाय हत्यारं गुंडाळायचा नाही. लोक वैतागायचे. "सत्यनारायण सांगून राह्यला का बे?" म्हणायचे. तो हसायचा आणि पुढचं बोट दुमडायचा.

बासष्टच्या हिवाळ्यात भगवंतरावांच्या आईला, जनकाबाईंना, लकवा झाला. सत्तरी ओलांडलेली बाई. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, पण डोकं आणि हुकूम शाबूत. डॉक्टरांनी सांगितलं की रोज अर्धा तास कमरेइतक्या गरम पाण्यात बसवा आणि मग मालिश करा. बसवायचं कशात? तेव्हा भगवंतरावांना टब आठवला.

हा टब त्यांच्या वडिलांनी बुलढाण्याच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्याच्या लिलावात उचलला होता. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आतून पांढरा मुलामा, खाली चार पाय. बैलगाडीतून उतरवायला आठ माणसं लागली होती म्हणे. हौस फिटल्यावर त्यात कुणी बसलं नाही. वीस वर्षं तो गोठ्यात पडला होता आणि म्हशी त्यात पाणी पीत होत्या.

भगवंतरावांनी सहदेवला बोलावलं. घरामागं नवी न्हाणी बांधायची, माडीवर टाकी, विहिरीच्या इंजिनानं टाकी भरायची, टाकीतून नळ थेट टबात. गावात घरात आलेला पहिला नळ. न्हाणीला मागच्या बाजूनं वेगळं दार पाडलं, म्हणजे मिस्त्रीला घरातून जावं लागू नये. सहदेवनं ते दार नुसतं पाहिलं. टबावर मात्र बोटाची गाठ वाजवून बराच वेळ ऐकत बसला.

"हे बीड हाय, डाक्टर," तो मला म्हणाला. "लोखंड रागावलं तं वाकते. बीड वाकत नाई, सरळ फुटते. त्याच्याशी हळू बोला लागते."

अडचण गरम पाण्याची होती. बंबात पाणी मावायचं दोन-तीन बादल्या. पंधरावी बादली ओतेपर्यंत पहिली गार. सहदेव दोन दिवस विचार करून आला.

"मालक, गुऱ्हाळात कढई कशी चुलाणावर बसवता, तसा टब बसवू. पाणी टबातच तापवू."

"माय काय गूळ हाय का बे, कढवाले?" भगवंतराव म्हणाले.

"पाणी सोसन इतकं झालं का जाळ ओढून घ्याचा. थोडे निखारे राहू द्याचे, म्हंजे पाणी निवत नाई. फकस्त बुडाले आंग लागू द्याचं नाई. बीड वरून शांत दिसते, पन गरमी पोटात ठेवते. मी आत पाट करून देतो. बाई पाटावर बसतीन."

भगवंतरावांना पटलं. मलाही पटलं. आठ दिवस मी दवाखाना बंद झाला की तिकडे जाऊन बसायचो, कारण चांगला हात चालताना पाहायला मला आवडतं. टब चुलाणावर बसावा म्हणून त्यानं त्याचे पुढचे दोन पाय काढले, हातोडीचा एक घावही न घालता, गंजलेल्या बोल्टवर तीन दिवस रॉकेल सोडून. पाण्याचं जुनं भोक पायांकडे होतं, नेमकं जाळावर येणारं. ते पितळी बुच बसवून बंद केलं आणि डोक्याच्या बाजूला हातड्रिलनं नवं भोक पाडलं. बिडाचा काळा भुगा काजळासारखा त्याच्या बोटांवर बसायचा. थोडं फिरवायचं, थांबायचं, हात लावून पाहायचं, परत फिरवायचं. एका भोकाला दीड दिवस. नळाच्या सांध्यांना सूत आणि सफेदा लावून असे आवळले की पुढं कितीक वर्षं त्यातून थेंब गळला नाही. गळला नाही, एवढं मी शपथेवर सांगतो. शपथेचा मला आता काय अधिकार, तो भाग निराळा.

पाट त्यानं सागवानाचा केला. पट्ट्या, मधे बोटबोट फट, खाली चार बोटं उंच पाय, आणि तरंगू नये म्हणून खालून लोखंडी पट्टी.

शेवटच्या दिवशी त्यानं टब भरला, चुलाण पेटवलं, पाणी तापल्यावर जाळ ओढून निखारे ठेवले. भगवंतराव, त्यांच्या पत्नी कोकिळाबाई आणि मी, असे तिघं उभे होतो. सहदेवनं बाही वर सारली, हात पाण्यात घालून पंजा पाटावर टेकवला आणि दोनशेपर्यंत आकडे मोजले. मग पाट एका कडेनं उचलून तळाच्या बिडाला कोपर लावलं आणि झटक्यात बाहेर काढलं. कोपरावर लाल डाग उठला होता. तो त्यानं कोकिळाबाईंना दाखवला.

मग बोटं. "चुलाण झालं. धुराडं झालं. जुनं भोक बंद, नवं डोक्याकडं. नळ झाला. पाट झाला. पाट काढून मानूस बसवाचं नाई. म्हना, बाई."

"नाई बसवत," कोकिळाबाई पदराआडून म्हणाल्या.

"म्हटलं ना बे तिनं," भगवंतराव हसले. "जाय आता."

तो गेल्यावर कोकिळाबाई कामाला लागल्या. बौद्धाचे हात आठ दिवस टबात फिरले होते. त्यांनी चिंच आणि राखेनं टब घासला, रिकाम्या टबाखाली जाळ केला, गोमूत्र शिंपडलं. म्हशींच्या उष्ट्याला वीस वर्षं कुणी चिंच लावली नव्हती. धातू शुद्ध झाला. मग आतून जनकाबाईंनी वाकड्या तोंडानं विचारलं, "पाट कोनं केला?"

"सहदेवनं," कोकिळाबाईंनी सांगितलं.

"लोखंडाले इस्तव लावला का शुद्ध होते. लाकडात इटाळ मुरते. त्याच्यावर मी बसत नाई."

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मालिशचं तेल द्यायला मागून गेलो तर पाट शेळ्यांच्या खोपटात. त्यावर तीन करडं अंग चोरून झोपली होती, कोरडी जागा होती म्हणून. मी कोकिळाबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. त्या सासूपुढे बोलू शकत नव्हत्या, मी बोलू शकत होतो. डाक्टर होतो ना. मी आत जाऊन म्हातारीला दोन शब्द सुनवायला हवे होते. पण घरच्या चालीरीतीत आपण कशाला पडा. मी म्हटलं, "मग गोधडी चौघडी करून घाला बुडाला. तेवढं पुरेल."

तेवढं पुरेल. हे शब्द माझे.

आठ दिवस पुरलं. म्हातारी गोधडीवर बसायची, पाण्यात हात फिरवायची, खुश असायची. दोन गोधड्या आलटून पालटून वापरायच्या. पण थंडीचे दिवस, भिजलेली गोधडी एका उन्हात वाळत नाही. नवव्या दिवशी दोन्ही दोरीवर ओल्या आणि बर्फासारख्या गार. कोकिळाबाईंनी पाण्यात हात घालून पाहिला, पाणी कोमटच होतं. एक दिवस चालेल, असं त्यांना वाटलं. जनकाबाईंना नुसत्या टबात बसवलं.

डाव्या अंगाला कळतच नव्हतं. म्हातारी अर्धा तास गप्पा मारत बसली होती, नळाचं कौतुक करत होती. उचलली तेव्हा डाव्या मांडीची आणि टाचेची कातडी टबाला चिकटून राहिली.

अकरा दिवस मी पट्ट्या बदलल्या. डॉक्टर तीनदा येऊन गेले. त्यांनी मान हलवली आणि मला पट्ट्या चालू ठेवायला सांगितलं. म्हातारी विचारायची, "हा वास काह्याचा येऊन राह्यला?" मी म्हणायचो, मलमाचा. बाराव्या दिवशी ती गेली.

मातीला देऊळगाव राजाहून तिचा भाऊ गुलाबराव आला. तापट माणूस. बहीण लकव्यानं गेली असती तर रडून परत गेला असता, पण ही भाजून गेली होती. "माह्या बहिणीले कोनं जाळलं ते सांगा, नाई तं मी जमादाराले घेऊन येतो," म्हणाला. स्वतः न्हाणीत जाऊन त्यानं टबात हात घातला. तळाला नुसतं बीड.

"इथं खाली काहीच काऊन नाई?"

कोकिळाबाई दाराशी होत्या. त्यांचा रंग उडाला. भगवंतरावांनी बायकोकडे पाहिलं, मग गुलाबरावांकडे, आणि अगदी हळू म्हणाले, "मिस्त्री विसरला असन, मामा."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते इतक्या हळू आवाजात होतं हे मला माहीत नव्हतं.

सहदेवला बोलावलं. तो मागच्या दाराबाहेर उभा राहिला. टबात डोकावून त्यानं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच, "पाट कुठं गेला?"

"कोन्ता पाट?" भगवंतराव म्हणाले.

"म्या देल्ला तो. सागवानी. दोनशे मोजले तुमच्यासमोर." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "डाक्टर होते. इचारा त्याइले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोपट तिथून वीस पावलांवर होतं. पाट होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न, काढला कुणी? त्याच्या पुढचा, मग गोधडीवर भागेल असं सांगितलं कुणी? हे सगळं माझ्या डोक्यातून फार भरभर गेलं. नोकरी, खोल्या, बदली, सगळं.

"मी औषधापुरता येतो," मी म्हणालो. "न्हाणीतलं मी पाहिलं नाही."

 प्रश्नच मला नीट ऐकू आला नसावा अशा चेहऱ्यानं सहदेव माझ्याकडे बघत राहिला.

भगवंतरावांनी मग मोठेपणा घेतला. गरीब माणूस आहे, मुद्दाम नाही केलं, चूक झाल्याचं लिहून सही द्यावी, मामा तक्रार करणार नाहीत. सहदेव म्हणाला, नाही. त्याला दिवस मावळेपर्यंत वेळ दिला आणि समजूत घालायला मला पाठवलं.

मी बौद्धवाड्यात गेलो. त्याची बायको तानुबाई भाकरी थापत होती, ती हात तसेच पिठाचे ठेवून बसून राहिली. मी सहदेवला सांगितलं की तुझ्या बाजूनं कुणी बोलणार नाही, सरळ तुरुंगात जाशील, ही एकटी पडेल. सही कर आणि सुटून जा. कागद तो कागद. कागदानं खरं बदलत नाही.

"तुमाले तं आठवते ना, डाक्टर? पाट होता?"

"आठवतं," मी म्हणालो. "सही कर."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "एका मानसाले मालूम हाय ना."

त्यानं सही केली. रात्रशाळेत शिकलेलं गोल अक्षर, पूर्ण नाव. खाली साक्षीदार म्हणून मी. शेळ्यांच्या खोपटात मी दुसऱ्या सकाळी गेलो, पाट तिथं नव्हता. कुठं गेला ते मी विचारलं नाही.

लोकांनी त्याला वाळीत टाकलं असं नाही. फक्त बोलावणं बंद झालं. इंजिन बिघडलं की धाडहून दुसरा माणूस आणायचे. दोन-चार जणांनी आधी बोलावलं, पण तेव्हा सहदेवच बदललेला होता. काम करून बोटं दुमडायचा, अर्ध्या वाटेवरून परत यायचा, झाकण उघडून पुन्हा बघायचा. एकदा एकाच दिवसात तीनदा परत आला. मालक म्हणाला, स्वतःवरच भरवसा नाही तर आम्ही काय ठेवावा. पुढं तो धाडच्या रस्त्यावर खडी फोडायला लागला.

मी त्याला टाळायचो. खडीच्या ढिगाशी गाठ पडलीच तर तो हातोडी थांबवून हळूच विचारायचा, "पाट व्हता ना, डाक्टर?" आजूबाजूला माणसं असायची. मी म्हणायचो, "झालं ते झालं. विसर आता." असं एकदा नाही, वर्षानुवर्षं म्हणालो. त्याला विसरायला सांगणारा मीच.

तानुबाई मात्र भांडायची. विहिरीवर, बाजारात, जिथं विषय निघेल तिथं. "माह्या मानसानं पाट देल्ला व्हता." बाया विचारायच्या, मग सही काऊन केली?  एकदा ती खोकल्याचं औषध न्यायला त्याला घेऊन आली होती, तेव्हा माझ्यासमोरच तिनं त्याला विचारलं, "खरं सांगा, व्हता का नाई?" आधी तो 'होता' म्हणायचा. मग काही वर्षं 'असन' म्हणायचा. त्या दिवशी खाली पाहून म्हणाला, "सही तं म्याच केली ना." तानुबाई माझ्याकडे वळली. मी बाटलीत औषध ओतत राहिलो.

एकाहत्तरला माझी लोणारला बदली झाली. तोवर कोकिळाबाई वारल्या होत्या आणि भगवंतरावांचं घर वाटण्यांनी मोडलं होतं. मला भिववायला कुणी उरलं नव्हतं. सहदेव खडीच्या धुळीनं छातीतून पार गेला होता. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याला शेवटचं इंजेक्शन द्यायला गेलो. सुई उकळली, टोचली, आणि मग उठता येईना.

मी सगळं सांगितलं. पाट होता. सागवानी, बोटबोट फटीचा, मी पाहिला. तू दोनशे मोजलेस. म्हातारीनं तो बाटला म्हणून नाकारला. शेळ्यांच्या खोपटात होता. गोधडीचं मी सुचवलं. भगवंतरावांना माहीत होतं, त्यांच्या बायकोला माहीत होतं, आणि मी खोटं बोललो. तू काहीही विसरला नव्हतास. सांगताना मी रडलो. तानुबाई दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती.

सहदेव डोळे मिटून होता. सगळं झाल्यावर त्यानं माझा हात शोधला आणि थोपटला.

"काऊन एवढा तरास घेता, डाक्टर," तो म्हणाला. मधे खोकला आला, तो जाऊ दिला. "मरणाऱ्याचं मन राखावं, हे मले बी समजते. पन म्या इसरलो ते इसरलो. म्हातारी जीवानिशी गेली माह्यामुळं. पाट असता तं तुमी तवाच बोलले असते. तुमच्यासारखा मानूस काऊन खोटं बोलन?"

"सहदेव, अरे, मी खरंच..."

"राहू द्या. तुमी चांगले हा." मग त्यानं मान वळवली. "तानु, डाक्टराले च्या ठेव."

तानुबाई जागची हलली नाही. माझ्या शब्दन् शब्दावर तिचा विश्वास बसला होता.